एक परवडणारी दीडहाती

कुणाला नाही म्हणायची वेळ आली, की आमचे हे एक तलवार विकत घेतात.

हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा उमगलं. आधी वाटायचं, छंद आहे. लोक तिकिटं जमवतात, काड्यापेट्या जमवतात, आमच्या नात्यातल्या एक मावशी नुसती दुखणी जमवतात. तशा ह्यांनी तलवारी जमवल्या तर बिघडलं कुठे? पण रोज एकाच भिंतीवरची धूळ पुसणाऱ्या बाईला ती भिंत हळूहळू वाचता यायला लागते. डावीकडची कट्यार आहे ना, ती खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी आमची गाडी लावायची जागा दोन दिवसांसाठी मागितली तेव्हाची. वकिलांची गाडी अजून तिथेच आहे. तिच्या शेजारची वाकडी तलवार धाकट्या भावजींनी स्कूटर नेली तेव्हाची. मधला रुंद सुरा नणंदबाईंचा. त्या आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि मुलीची परीक्षा, निकाल, पुढचा प्रवेश सगळं आमच्याकडून उरकून गेल्या. आणि सगळ्यात वरची सरळ पात्याची तलवार कंपनीत ह्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस ह्यांच्या डोक्यावर जाऊन बसला, त्या आठवड्यातली.

भिंतीवर शस्त्रं वाढत होती आणि घरातला योद्धा मऊ होत चालला होता. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. आमच्याकडे तर लोक कुदळ घेऊनच यायचे. हे काय करायचे, तर दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे, हसायचे, आणि त्या चोळण्यातच तोंडातला नकार विरघळून जायचा.

म्हणून एका संध्याकाळी चहा ढवळता ढवळता हे म्हणाले, "आता एक दीडहाती घ्यावी म्हणतो," तेव्हा मी सावध झाले. दीडहाती तलवार मोठी असते एवढं मला ऐकून ठाऊक होतं. तलवार मोठी, म्हणजे माघारही मोठी असणार.

"कुणी काय मागितलंय?" मी विचारलं.

"कुणी काही नाही गं. संग्रहात तेवढीच एक उणीव आहे."

"कुणी?"

"साहेबांनी," हे म्हणाले आणि चहा ढवळतच राहिले. साखर मी अजून घातलीच नव्हती.

प्रकरण असं होतं. ह्यांची कंपनी घरगुती गॅसचे रेग्युलेटर बनवते आणि हे तिथे तपासणी विभागाचे प्रमुख. रेग्युलेटरमध्ये हवा भरायची, तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. एक जरी बुडबुडा आला, तरी लाल शिक्का, नापास. ह्या बाबतीत हे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पितळेला, रबराला, पोलादाला हे डोळ्याची पापणी न लववता नाही म्हणतात. अडचण येते ती फक्त तोंड असलेल्या वस्तूंची.

साहेबांना ह्या बुडबुड्यांचा कंटाळा आला होता. शिवाय साहेबांचा एक भाचा होता. त्याने व्यवस्थापनाची पदवी घेतली होती आणि आता त्याला व्यवस्थापन करायला काहीतरी हवं होतं. आयत्या बिळावर नागोबा बसवायचा तर आधी बीळ रिकामं व्हायला हवं. तेव्हा ह्यांनी तपासणी विभाग सोडून जिन्याखालच्या जुन्या कागदांच्या कोठीत बसावं, असं ठरलं. तसं पत्रही तयार झालं. पत्र ह्यांच्याच तोंडचं होतं, फक्त लिहिलं साहेबांनी होतं, आणि त्यात जागोजाग 'स्वखुशीने' असं घातलं होतं. सही तेवढी उरली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, साहेब, सध्या डोक्यात एका तलवारीचा विषय घोळतोय. ती एकदा ठरली की निवांतपणे सही करतो. साहेब हसले. म्हणाले, घ्या तलवार, पण जरा लवकर घ्या."

मी शाळेत गणित शिकवते. समीकरण मांडायला मला वेळ लागत नाही. तलवार ठरली की सही. तलवार ठरली नाही तर सही नाही. ज्या तलवारींच्या नावाने मी आयुष्यभर बोटं मोडली, त्यांच्यातलीच एक आता आमच्या घराची शेवटची भिंत होऊन उभी होती, आणि तीसुद्धा अजून विकत न घेतलेली.

मी ठरवलं, ही तलवार काही केल्या ठरू द्यायची नाही.

त्यासाठी शत्रूच्या गोटात जाणं भाग होतं. ह्यांचं एक शस्त्रप्रेमी मंडळ आहे. रविवारी सकाळी मंडळ एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरतं, कारण डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष आणि रविवारी दवाखाना बंद. पेशंटच्या आडव्या खुर्चीवर तलवार निजवतात, वरून तो डोळे दिपवणारा दिवा सोडतात आणि चार प्रौढ गृहस्थ तिच्यावर वाकून तिची कीड शोधतात. सगळे तसे निरुपद्रवी. एकाने तर आयुष्यात भाजी चिरलेली नाही.

त्या रविवारी मीही गेले. ह्यांना इतका आनंद झाला की मला आतून लाज वाटली.

"वहिनी, दीडहाती म्हणजे असं बघा," डॉक्टर म्हणाले. "एक हात पूर्ण मुठीवर बसतो. दुसऱ्यासाठी अर्धीच जागा. म्हणजे एका हातानेही चालवता येते आणि जोर लावायचा तर दुसरा हात मदतीला घेता येतो."

"अर्धा हात म्हणजे नेमकी किती बोटं?" मी विचारलं.

ह्यावर मंडळात दुफळी झाली. डॉक्टर म्हणाले दोन, निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले तीन, आणि चहा गार होईपर्यंत अंगठा धरायचा की नाही ह्यावर घोडं अडलं. मला बरं वाटलं. एवढ्या साध्या गोष्टीवर ही माणसं एवढी अडत असतील, तर मला बराच वाव होता.

मंडळाचा एक नियमही मी तिथेच पाहिला. तलवार दुसऱ्याच्या हातात देताना देणारा ती सोडत नाही. घेणाऱ्याने मूठ नीट धरायची, तोल सांभाळायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "घेतली." मगच देणारा सोडतो. नुसतं हूं केलेलं चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. पूर्वी हा नियम नव्हता. मग एकदा पोस्टमास्तरांनी तलवार जरा लवकर सोडली आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या डाव्या पायाचा अंगठा हवामानाचा अंदाज सांगतो. त्या दिवशी नियम झाला. आता दर रविवारी दवाखान्यातून "घेतली", "घेतली" असा पुकारा ऐकू येतो आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, आत सगळ्यांना औषध पाजताहेत.

घरी धूळ पुसताना ह्यांनी तो नियम माझ्यावरही चालवून पाहिला होता. कट्यार पुढे करून म्हणाले, आधी घेतली म्हण. मी म्हटलं, ठेवा तिथे टेबलावर, मला घरात नियमांची काही कमी नाही. त्या गोष्टीला कित्येक वर्षं झाली. मी त्यांच्या शस्त्राला कधी हात लावला नाही आणि तो शब्दही कधी तोंडातून काढला नाही.

तर मोहीम सुरू झाली. ह्यांची अट एकच, तलवार परवडणारी हवी. परवडणारी म्हणजे काय, तर जी घेतल्यावर बायको बोलेल पण माहेरी जाणार नाही.

पहिली तलवार आम्ही करंडक आणि ढालींच्या दुकानात पाहिली. आरशासारखी चकचकीत. ह्यांचा चेहराही तिच्यात उजळलेला दिसत होता. मी एव्हाना थोडं वाचून गेले होते. मी दुकानदाराला विचारलं, "पात्याची शेपटी मुठीच्या आत कुठवर जाते?" दुकानदार म्हणाला, "बाई, ही भिंतीवर लावायची आहे ना?" मी म्हटलं, "शेपटी." त्याने नाइलाजाने मुठीच्या टोकाचा गोळा फिरवून काढला. आत पातं संपत होतं आणि पुढे एक पेन्सिलीएवढी सळई डाग देऊन जोडलेली होती. जोरात फिरवली असती तर मूठ हातात राहिली असती आणि पातं शेजारच्यांकडे गेलं असतं. ह्यांचा चेहरा पडला. मी उगाच हळहळले.

दुसरी डॉक्टरांच्या ओळखीतली, जुनी. तिचा तोल पार टोकाकडे होता. हे तिला उचलून धरायचे तेव्हा तलवार ह्यांना ओढून नेतेय असं वाटायचं. मी म्हटलं, ही तलवार नाही, नांगर आहे. तिसरीची मूठ तोकडी होती. मी फूटपट्टी लावून सिद्ध केलं की ती फार तर सव्वाहाती भरते. मंडळात माझ्या ह्या सिद्धतेची चर्चा झाली आणि पोस्टमास्तरांनी मला उभं राहून नमस्कार केला. चौथीत दोष सापडेना, तेव्हा मी म्हटलं, पात्याच्या मधल्या पन्हळीची रेघ सरळ नाही. ती चांगली सरळ होती. पण इतक्या वर्षांत मी एवढ्या मुलांच्या चुका काढल्या आहेत, की मी चूक म्हटलं की समोरच्याला ती दिसायलाच लागते.

मध्यंतरी साहेबांचे निरोप येत होते. "ठरली का?" हे सांगायचे, "साहेब, आमच्या मंडळींना पसंत पडत नाही." साहेबांना वाटत असेल, काय खमकी बायको आहे. असू दे. एकदा तरी माझ्या नावाचा कुणाला उपयोग झाला.

आणि खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडायला लागले होते. संध्याकाळी हे घरी आले की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर तलवारींची चित्रं पसरून बसायचो. हे बोलायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे इतकं सलग बोलू शकतात ह्याचा मला पत्ता नव्हता. "तुला ह्याची एवढी गोडी लागेल असं वाटलं नव्हतं," असं एकदा म्हणाले आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, आता सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर तलवार ठरली असती.

मग पाचवी तलवार सापडली आणि माझं गणित तिथेच संपलं.

ट्रकच्या स्प्रिंगपाट्या बनवणारा एक लोहार होता. फावल्या वेळात तो त्याच पोलादाच्या तलवारी करायचा. फावला वेळ त्याच्याकडे भरपूर होता, कारण मूळ कामाचा त्याला कंटाळा होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. दारात तुटक्या पाट्यांचा ढीग, आत तेलाचा आणि जळक्या कोळशाचा वास. त्याने एका कोपऱ्यातून गोणपाटात गुंडाळलेली तलवार काढली आणि ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी मूठ धरली आणि सवयीने म्हणाले, "घेतली." लोहाराने आधीच सोडली होती.

मी पेपर तपासायला बसावं तशी तिच्यापुढे बसले. शेपटी बघितली. पातं आणि शेपटी एकाच पोलादाची, मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेली. वाकवून दाखवा म्हटलं. लोहाराने टोक लाकडात रुतवून पातं चांगलं वाकवलं आणि सोडलं, तर सुतासारखं सरळ. तोल बघितला. मुठीपुढच्या आडव्या पट्टीपासून चार बोटांवर. मूठ बघितली. ह्यांचा उजवा हात पूर्ण बसला आणि डाव्याची दोन बोटं आणि अंगठा. मंडळातला वादही मिटला.

"हिचं म्यान कुठाय?" मी विचारलं. शेवटची आशा.

"केलं नाही," लोहार म्हणाला. "कंटाळा आला. म्हणून तर स्वस्त देतोय."

हे माझ्याकडे बघत होते. एखादं मूल निकालाच्या दिवशी बघतं तसं. आता ही काहीतरी दोष काढेल आणि तलवार जाईल, अशी भीती त्यांच्या डोळ्यांत होती. मला एक खोटं बोलायचं होतं आणि ते माझ्या तोंडातून निघालं नाही. "चांगली आहे," मी म्हणाले.

परतताना बसमध्ये तलवार जुन्या चादरीत गुंडाळून आम्हा दोघांच्या मांडीवर आडवी होती. कंडक्टरने विचारलं काय आहे. हे म्हणाले, पडद्याचा दांडा. एवढं धडधडीत खोटं हे एका दमात बोलले. म्हटलं, ह्या माणसाला सगळं जमतं, फक्त एक शब्द जमत नाही.

"सही करू नका," मी म्हणाले. "नाही म्हणा. आयुष्यात एकदा."

"साहेबांसमोर शब्द फुटत नाही गं."

"तो भाचा बुडबुडे बघणार आहे का? त्याच्या हाताखालून गेलेला रेग्युलेटर कुणाच्या तरी ओट्याखाली जाऊन बसेल."

"मला कळत नाही का?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मला झोप लागत नाही. डोळे मिटले की पाण्याची टाकी दिसते. बुडबुडे येताहेत आणि मी जिन्याखाली बसलोय." मग दोन्ही हात चोळायला लागले, आणि मांडीवरची तलवार घसरली तेव्हा थांबले.

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि ह्या दोन गोष्टी एका म्यानात राहत नाहीत.

तलवार ठरल्याची बातमी साहेबांना कुणी दिली म्हणाल, तर ह्यांनीच. शब्द दिला होता ना. पुढच्या रविवारी साहेब स्वतः घरी आले. म्हणाले, ऑफिसात नको, घरगुती वातावरणात होऊन जाऊ दे. आमच्याकडच्या त्यातल्या त्यात बऱ्या खुर्चीत बसले, एक फोन खिशात ठेवला, एक हातात ठेवला, आणि पत्र चहाच्या टेबलावर ठेवून त्यावर स्वतःचं पेन आडवं टाकलं.

मी चहा आणला. "आपल्याच कंपनीच्या रेग्युलेटरवर केलाय," मी म्हटलं. "तुमच्या घरी वहिनीही आपलाच वापरत असतील."

"आमच्याकडे," साहेब म्हणाले, "विजेची शेगडी आहे."

"बरं आहे," मी म्हटलं.

हे समोर बसले होते. हात चोळून चोळून तळवे लाल झाले होते. साहेब जिन्याखालच्या कोठीचं वर्णन करत होते. तिथे किती शांतता आहे, ह्यांच्या वयाला ती कशी मानवेल, भाचा अधूनमधून सल्ला घ्यायला कसा येत राहील. मग पेन उचलून त्यांनी ह्यांच्यापुढे केलं. ह्यांनी ते घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चौकट धरली होती ती सोडवेना.

"पण आधी," साहेब हसून म्हणाले, "ती तलवार तर दाखवा. जिच्यापायी आम्हाला एवढं ताटकळत ठेवलंत."

पेन खाली आलं. ह्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. ते आत गेले आणि तलवार घेऊन आले. मी आदल्या दिवशी ह्यांना माझ्या शिलाई मशीनचं तेल दिलं होतं, त्यामुळे पातं मंद चमकत होतं. ह्यांनी डाव्या हातात फडकं घेऊन पातं खालून धरलं, उजव्या हाताने मुठीचा शेवटचा भाग धरला आणि पुढची जागा मोकळी ठेवून मूठ साहेबांपुढे केली. मंडळात करतात तसं.

साहेबांनी फोन सोडला नाही. उरलेल्या एका हाताने मूठ धरली आणि ओढली.

तलवार हलली नाही.

"साहेब, घेतली म्हणावं लागतं," हे म्हणाले.

"काय?"

"पद्धत आहे. हातात नीट बसली की घेतली म्हणायचं. मग मी सोडतो."

"अहो, सोडा हो," साहेब हसले आणि पुन्हा ओढली. त्यांचं लक्ष फोनवर होतं, कुणाचा तरी निरोप आला होता. मी ह्यांचा चेहरा बघत होते. तो बदलला. तो चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता, पण ओळखला. टाकीवर वाकून बुडबुडा शोधणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. ह्यांनी साहेबांची बोटं बघितली, मनगट बघितलं, ढिला कोपर बघितला.

"तुमचा हात बसलेला नाही," हे म्हणाले. "मी देत नाही."

"म्हणजे?"

"फोन ठेवा. दुसरा हात अर्धा तरी लावा. नाहीतर ही पडेल आणि पाय जाईल. तुमचा किंवा माझा."

साहेबांना फोन ठेवायचा नव्हता आणि आमच्या घरात उभं राहून 'घेतली' म्हणायचं नव्हतं. त्यांना साहेबपणा आडवा आला. त्यांना मूठ सोडायचीही नव्हती. मग दोघं तसेच उभे राहिले, मध्ये तलवार. आणि मला दिसलं की ह्यांचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. चोळायला एकही हात रिकामा नव्हता.

"एवढा काय हट्ट?" साहेब म्हणाले. "एक वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार. त्यात काय आहे?"

ह्यांनी मुठीवरची साहेबांची बोटं पुन्हा एकदा बघितली.

"साहेब, तुमच्या भाच्याला बुडबुडा ओळखता येतो का?"

"तो शिकेल."

"टाकीपाशी कधी उभा राहिलाय?"

"अहो, शिकेल म्हटलं ना."

"मग शिकू दे. माझ्या शेजारी उभा राहू दे. त्याचा हात बसला की मीच त्याला म्हणेन, घे. तोवर मी जागा सोडणार नाही. सही नाही करणार." आवाज वर गेला नव्हता. नापासाचा शिक्का मारताना चढत नाही, तसा. "नाही, साहेब."

साहेबांनी मूठ सोडली. सोडण्याआधी एकदा पात्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघितलं. तिथली सगळी शस्त्रं त्यांना पहिल्यांदाच नीट दिसली असावीत. ती सगळी मुकाट गिळलेल्या नकारांची आहेत हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी पत्राची घडी केली, खिशात घातलं आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या ऑफिसात बोलू." ते कसं बोलतील हे आम्हा दोघांनाही कळलं. उद्याचा दिवस सोपा नव्हता, कदाचित परवाचाही नव्हता. नोकरीच जाण्याची भीती मला तिथे उभ्या उभ्या वाटली आणि ती अजूनही गेलेली नाही. दारापर्यंत साहेबांना मीच पोचवलं. पेन ते विसरून गेले.

दार लावून वळले तर हे अजून तसेच उभे होते. तलवार दोन्ही हातांत आडवी होती.

"मी काय बोललो?" हे म्हणाले.

"नाही म्हणालात."

"मला बसायला हवं."

"मग बसा."

"ही ठेवू कुठे? भिंतीवर हिला जागा नाही." त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जरा धरतेस?"

मी पुढे गेले. उजव्या हाताने मूठ धरली, डाव्याची दोन बोटं आणि अंगठा खाली लावला, लोहाराच्या शेडमध्ये ह्यांची बसली होती तशी. ह्यांना उभं राहवत नव्हतं, तरी त्यांनी सोडली नाही. माझ्याकडे बघत थांबले.

"घेतली," मी म्हणाले.

मग त्यांनी सोडली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच जड होती.